ऐंशी नंबरचं पोर्ट

नवं शतक लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. जालन्याच्या बाहेर, कापसाच्या रानांना लागून असलेल्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी संगणकाच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागलो होतो. वय चोवीस. गाव वाटूरजवळचं. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकून शेती धरली आणि मी पुस्तकं धरली. कोणी विचारलं की वडील सांगायचे, "पोरगं कॉलेजात कंपूटर चालवून राह्यलंय." चालवणं म्हणजे नेमकं काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सांगताना मान ताठ व्हायची. मलाही ती ताठ मान फार आवडायची. पुढं जे झालं त्याला बरंचसं हेच आवडणं कारणीभूत आहे.

लॅबमध्ये तीस मशीन होती आणि त्या सगळ्यांना जोडलेला एक सर्व्हर. सर्व्हरवर लिनक्स ही कार्यप्रणाली. त्याची सगळी जबाबदारी लॅबच्या प्रमुख मॅडमकडं होती. मॅडम चाळिशीतल्या, बारीक चणीच्या, पदर कायम खोचलेला. माहेर हसनाबादकडचं, सासर जालन्यातच. लिनक्स त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. सीडीसोबत आलेलं जाड पुस्तक त्यांनी दोन उन्हाळ्यांत वाचून काढलं होतं, आणि त्याच्या पानापानावर पेन्सिलीनं मराठीत टिपणं केली होती. मला आज जे काही येतं त्याचा पाया त्या टिपणांचा आहे.

सर्व्हरवर प्रत्येकाचं आपलं खातं असतं, आणि त्या खात्याला मर्यादा असतात. दुसऱ्याची फाइल त्यानं उघडू दिली तरच उघडते. फक्त एका खात्याला कसलीच मर्यादा नसते. त्याचं नाव रूट. रूटपुढं कुणाचंच कुलूप टिकत नाही. रूटचा पासवर्ड एकट्या मॅडमला माहीत होता. तो टाइप करायच्या आधी त्या म्हणायच्या, "तोंड तिकडं कर," आणि मी खिडकीतून बाहेर बघायचो. काम झालं की एका लांब वहीत वेळ, कारण आणि सही. वही बघायला कधी कोणी येत नसे, तरी त्या लिहायच्या.

मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मॅडम कोपऱ्यातल्या मशीनवर बसून काहीतरी लिहायच्या. रोज दहा-पंधरा मिनिटं. एकदा मला फाइलच्या परवानग्या शिकवताना त्यांनी स्वतःचीच डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा कप्पा, उघडून दाखवली. एका फाइलपुढं फक्त मालकालाच वाचता येईल अशी खूण होती.

"ही माझी," त्या म्हणाल्या. "घरी कागद ठेवायला जागा न्हाई मला. कागद सापडतो. इथं बिलकुल सापडत न्हाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्या दिवसांत मी स्वतःचा वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पानं दाखवणारा प्रोग्राम, लिहायला घेतला होता. तयार सर्व्हर सीडीवर होता, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार लोकांनी लिहिलेला होता, आणि अर्ध्या तासात बसवून झाला असता. पण मला माझा हवा होता. वेळापत्रक, सूचना, चाचण्यांचे गुण, सगळं कॉलेजातल्या कुठल्याही मशीनवर दिसेल, आणि ते मी केलेलं असेल. काम तसं सरळ असतं. सॉकेट, म्हणजे जोडणीचं तोंड, उघडायचं, त्याला एक नंबर द्यायचा आणि त्या नंबरावर कान देऊन बसायचं. कुणी मागितलं की पान पाठवायचं. त्या नंबराला पोर्ट म्हणतात. वेबचं पोर्ट ऐंशी. मी ऐंशी लिहून प्रोग्राम चालवला, तर पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं की परवानगी नाही. ऐंशीच्या जागी आठ हजार ऐंशी लिहिलं, तर लगेच चालला. मी तसाच तो प्राचार्यांना दाखवायला घेऊन गेलो.

कॅबिनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांचे दोन पाहुणे चहा घेत बसले होते. प्राचार्यांनी आपल्या मशीनवर सर्व्हरचं नाव टाइप केलं. पान आलं नाही. परत केलं. परत आलं नाही.

"सर, नावापुढं कोलन द्यावा लागतो. मग आठ शून्य आठ शून्य."

"हे कोण ध्यानात ठेवणार?" प्राचार्य म्हणाले. "तुमच्या घरी यायचं तर गल्ली सांगता का भिंतीतल्या विटा मोजायला लावता?"

पाहुणे हसले. एकाच्या बशीत चहा सांडला इतका हसला. मला वाईट वाटावं असं काही प्राचार्यांच्या मनात नव्हतं. त्यांनी लगेच सांगितलं की पुढच्या महिन्यात तपासणीची कमिटी येणार आहे, तोवर हे नीट करा. पण मी कॅबिनमधून निघालो तेव्हा माझे कान तापले होते.

लॅबमध्ये येऊन मी मॅडमना म्हणालो, "मला ऐंशी नंबर पाहिजे."

"एक हजार चोवीसच्या आतल्या नंबरांवर फक्त रूटला बसता येतं," त्या म्हणाल्या.

"पण का?"

"का म्हणजे? त्या नंबरांवर लोक डोळे झाकून भरवसा ठेवतात. ऐंशीवर पान मिळतं, पंचवीसवर टपाल जातं, तेवीसवर लॉगिन होतं. उद्या एखाद्यानं तेवीसवर आपला खोटा प्रोग्राम बसवला अन् लोकांचे पासवर्ड गोळा करत राह्यला, तर? म्हणून तिथं कुणाला बसवायचं ते रूट ठरवतो."

"मंग मला रूट द्या."

"रूट मागायचं नसतं. काम काय आहे ते सांगायचं असतं."

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मला समजावलं. प्रोग्राम रूट म्हणून सुरू होईल. ऐंशीवर बसेल. बसला की त्याच क्षणी रूटचा हक्क सोडून देईल आणि पुढचं सगळं काम 'नोबडी' नावाच्या खात्यानं करेल. त्या खात्याला जवळपास काहीच हक्क नसतात. एकदा सोडलेला हक्क परत मिळत नाही. त्यासाठी दोन ओळी लागतात. "ह्या दोन ओळी पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "बाकी तुझा प्रोग्राम मंग."

दोन दुपारी त्या माझा प्रोग्राम घेऊन बसल्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेला लांबलचक कागद टेबलावरून खाली लोंबत होता आणि त्या एकेक ओळ पेन्सिलीनं वाचत होत्या. मला ते आवडलं नाही. आपल्यावर विश्वास नाही असं वाटलं. एका जागी पेन्सिल थांबली.

"पानाच्या नावाआधी कोणी दोन टिंबं अन् तिरपी रेघ टाकली तर?"

"तर एक पायरी वरच्या डिरेक्टरीत जाईल."

"अन् अशाच पाच-सहा टाकल्या तर?"

मी पायऱ्या मोजल्या. सर्व्हरवरच्या कुठल्याही डिरेक्टरीत पोचता येत होतं.

"अडव ते," त्या म्हणाल्या. "पण नोबडी म्हणून चालत असला तर वर जाऊनही कुणाचं कुलूप त्याला उघडता येणार न्हाई. एवढं तरी आहे."

मी ते अडवायचं काम नंतरसाठी ठेवलं.

शेवटचा प्रश्न होता प्रोग्राम ठेवायचा कुठं. मशीन सुरू झालं की तो आपोआप, रूटच्या हक्कानं, सुरू व्हायला हवा होता. मॅडमचं म्हणणं, त्याची प्रत रूटच्या जागेत राहील, तिथं मला हात लावता येणार नाही. मी म्हणालो, मला सारखे बदल करावे लागतात, दर वेळी तुम्हाला कुठं त्रास देऊ? माझ्याच डिरेक्टरीतून चालू द्या.

"बराबर न्हाई हे," त्या म्हणाल्या. "पण तू आहेस म्हणून."

त्यांनी तसं करून दिलं. वहीत लिहिलं की प्रोग्राम तपासला, ठीक आहे, आणि खाली सही केली.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "किती लोकांनी पान बघितलं, तो आकडा खाली दिसला पाहिजे. मोठ्या शहरातल्या कॉलेजांचा दिसतो." मी तेवढा भाग सकाळी लवकर येऊन लिहिला आणि मशीन बंद-चालू केलं. पान दिसलं, आकडा शून्य. परत उघडलं, परत शून्य. आकड्याची फाइल माझी होती आणि प्रोग्राम नोबडी म्हणून चालत होता, म्हणून त्याला तिच्यात लिहिता येत नव्हतं. माझ्याच खात्यातून, माझ्याच हक्कात, एक साधी आज्ञा देऊन ती फाइल सगळ्यांना लिहायला मोकळी करता आली असती. मॅडमनी मला नेमकं तेच शिकवलेलं होतं. पण घड्याळात दहा वाजून गेले होते आणि मला ते सुचलं नाही.

मॅडम फाटकाशी होत्या. प्राचार्यांनी कॉलेजातल्या सगळ्या बायकांना कमिटीच्या स्वागताला, आरतीचं ताट घेऊन उभं केलं होतं. लॅबच्या खिडकीतून त्या मला दिसत होत्या. शंभर-सव्वाशे पावलं असतील. मी गेलो असतो तर त्यांनी ताट दुसरीच्या हातात देऊन मला अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं असतं. मी गेलो नाही. दोन दिवस त्यांनी माझा प्रोग्राम मास्तरीणबाईंसारखा तपासला होता, आता पुन्हा विचारायला जाणं मला कमीपणाचं वाटलं.

मी त्या दोन ओळींच्या आधी आणि नंतर खुणा टाकून त्या निकामी केल्या. प्रोग्राम नव्यानं तयार केला. सर्व्हरचं बटण दाबून तो बंद केला, परत चालू केला. आता माझा प्रोग्राम ऐंशीवर बसत होता आणि रूटच राहत होता. आकडा एक झाला, दोन झाला, तीन झाला.

कमिटी खूश झाली. एका सदस्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. प्राचार्यांनी मला "आमचा माणूस" म्हटलं. कमिटी गेली की ओळी परत सुरू करायच्या असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी केलं नाही. त्या आठवड्यात केलं नाही. आकडा वाढताना बघायला मी दिवसातून दहा वेळा पान उघडायचो, पण आत हात घालायचं टाळत राहिलो. चालतंय, तर कशाला, असं.

तीन आठवडे गेले.

एका सोमवारी मधल्या सुट्टीनंतर मॅडमचं प्रॅक्टिकल होतं. मी लॅबच्या मागच्या बाजूला एका मशीनचा कीबोर्ड बदलत होतो. मॅडम आत आल्या. फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहिलेलं होतं: दादा, मला चार दिवस तरी घेऊन जा, मी कोपऱ्यात राहीन. तिसऱ्या वर्षाची पोरं खाली माना घालून हसू दाबत होती. मला वाटलं कुठल्या तरी सिनेमातलं असेल. मॅडम फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी डस्टर घेतलं, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत फळा पूर्ण पुसला आणि म्हणाल्या, "वह्या काढा." पूर्ण दोन तास त्यांनी प्रॅक्टिकल घेतलं. आवाज एकदाही चढला नाही की खाली आला नाही.

त्या बाहेर गेल्यावर एका पोरानं मला हसत सांगितलं की सर, तुमच्या सर्व्हरला टेलनेटनं, म्हणजे ब्राउझर न वापरता हातानं आज्ञा टाइप करून, जोडायचं आणि नावाआधी टिंबं टाकत जायची, सगळं दिसतं, मॅडमची पत्रं पण दिसतात.

मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. पोरानं सांगितलं तसंच केलं. खात्री करायला, असं मी स्वतःला सांगितलं. मॅडमची डिरेक्टरी उघडली. ती कुलूपबंद फाइल उघडली. एवढ्यानं खात्री झालीच होती. तिथं थांबायला हवं होतं. पण मी वाचायला लागलो, आणि शेवटपर्यंत वाचलं.

भावाला लिहिलेली पत्रं होती. तीन वर्षांची, एकाखाली एक. एकही पाठवलेलं दिसत नव्हतं. घरात आपल्याशी कोणी बोलत नाही, ताट वाढतात पण बोलत नाहीत, असं होतं. मूल न झाल्याबद्दल सासूनं शेजारणीसमोर काय म्हटलं ते होतं. एका पत्रात होतं की पिशवी भरून ठेवली आहे, तू ये. पुढच्या पत्रात होतं की पिशवीतल्या साड्या आज परत कपाटात ठेवल्या. आणि एका ठिकाणी माझा उल्लेख होता. लॅबमध्ये वाटूरकडचा एक जण नवा लागला आहे, हुशार आहे, त्याला शिकवताना तासभर घर विसरायला होतं.

ते वाचून मी पडदा बंद केला. त्यानंतर मी जे केलं त्यात घाई होती, पण गोंधळ नव्हता. मी त्या दोन ओळी परत सुरू केल्या. टिंबं अडवणारा तुकडा लिहिला. प्रोग्राम नव्यानं तयार केला, मशीन बंद-चालू केलं. मग त्या पोरानं सांगितलेली वाट परत वापरून बघितली. आता ती बंद होती. कोणी तपासायला आलं असतं तर प्रोग्राम मॅडमनी वाचलेल्या कागदासारखाच दिसला असता, शिवाय थोडा जास्त चांगला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्यांनी दोघांना कॅबिनमध्ये बोलावलं. संस्थेचे सचिवही होते. पत्रांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते म्हणाले की पोरांना सर्व्हरवरच्या बंद फाइली दिसत होत्या अशी तक्रार आहे, चाचण्यांचे पेपर त्यावर असतात, हे गंभीर आहे. वही टेबलावर उघडी होती.

"तुमच्या प्रोग्राममध्ये दोष होता का?" सचिवांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "मॅडमनी तपासून दिला होता, सर."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. बोलायच्या आधी मी तेही बघून घेतलं होतं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एखादी ओळ चुकलेली दिसली की त्या छापील कागदाकडं बघायच्या, तसं बघितलं. मग प्राचार्यांना म्हणाल्या, "हो सर. मी तपासला. सही माझी आहे."

"रूटच्या हक्कानं चालवायला तुम्हीच दिला?"

"मीच दिला."

त्यांना प्रवेशअर्जांच्या खिडकीवर बसवण्यात आलं. सर्व्हर माझ्याकडं आला. त्या संध्याकाळी त्या शेवटच्या लॅबमध्ये आल्या, रूट म्हणून लॉगिन केलं आणि खुर्चीवरून उठल्या.

"माझा पासवर्ड आता बाद. तू नवा टाक."

आणि त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. मी पासवर्ड टाइप केला, चुकला, परत टाइप केला. माझं होईपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "झालं, मॅडम." त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि गेल्या.

प्रवेशाच्या खिडकीवरून त्या वर्षभरात नोकरी सोडून गेल्या. मी त्यांच्या जागी लॅबचा प्रमुख झालो. वडिलांनी गावात पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. नंतर पुण्यात नोकरी मिळाली, तिथंही काम सर्व्हरचंच. नवीन लागलेल्यांना मी शिकवायचो की ऐंशीवर बसलं की लगेच हक्क सोडा, आणि त्या दोन ओळी फळ्यावर लिहिताना दर वेळी माझा हात जड व्हायचा. शिकणाऱ्यांना वाटायचं, सर किती काळजीनं शिकवतात.

पाच-सहा वर्षांनी जालन्याकडच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की मॅडमनी वडीगोद्रीला, हायवेच्या कडेला, अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं आहे. पुढच्या सुट्टीत मी गावी न जाता अंबडवरून वडीगोद्रीची बस धरली. बसमध्ये मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. उतरल्यावर त्यातलं एकही आठवेना.

पत्र्याचा गाळा होता. एक कंप्युटर, एक प्रिंटर, बाहेर लाकडी बाक. मॅडमचे केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"ये. बस," त्या म्हणाल्या. "पाणी घे."

मी पाणी घेतलं नाही. "मॅडम, तेव्हा त्या दोन ओळी मी—"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कॅबिनमध्ये बोलावलं त्याच्या आदल्या दिवसापासून. सर्व्हरचा लॉग वाचला होता मी, कोणी कधी काय मागितलं त्याची नोंद. पोरांनी काय काय उघडलं, सगळं त्यात होतं. नोबडीला माझी फाइल उघडताच येत न्हाई. मंग प्रोग्राम रूट म्हणूनच चालून राह्यलाय, हे कळायला किती वेळ लागतो?" त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "अन् शेवटचं उघडलं होतं ते तुझ्या मशीनवरून. त्याच्यानंतर पाऊण तास तू सर्व्हरला दुसरं काहीच मागितलं न्हाई. वाचत बसला होतास."

हायवेवरून ट्रक जात होते. माझी नजर जमिनीवरून वर होईना. ओळी काढल्याचं मी कबूल करायला आलो होतो. वाचल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे सांगणारही नव्हतो.

"मग कॅबिनमध्ये बोलल्या का नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

"बोलले असते तर लॉग काढावा लागला असता. लॉगमध्ये फाइलचं नाव. मंग फाइल छापून टेबलावर. प्राचार्य, सचिव, अध्यक्ष, सगळ्यांनी बसून वाचली असती. त्यापरीस अर्जाची खिडकी बरी वाटली."

"तुमचे भाऊ?"

"दादा आला न्हाई. ती सगळी पत्रं मी छापून त्याला टपालानं पाठवली. कॉलेजभर झाल्यावर लपवायचं काय राह्यलं? तरी आला न्हाई. मंग मीच निघाले घरातून." त्या थांबल्या. "अन् त्याचं श्रेय घेऊन जाऊ नको इथून. मी निघणारच होते."

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी उताऱ्याचा कागद घेऊन आले. मॅडमनी त्यांना बसवलं, चष्मा घातला, गट नंबर विचारला, अर्ज भरून दिला. मी बाकावर बसून राहिलो. ते गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, मी कॉलेजला लेखी कळवतो. खरं काय झालं ते."

आता इतक्या वर्षांनी कशाला, जाऊ दे, असं त्या म्हणतील हे मी धरूनच चाललो होतो. माझी तशी इच्छाही असावी.

"कळव," त्या म्हणाल्या, आणि ड्रॉवरमधून दोन कोरे कागद काढून माझ्यापुढं ठेवले.

मी तिथंच बसून लिहिलं. मी सदर प्रोग्राममधील दोन ओळी अनवधानाने काढल्या, अशी सुरुवात केली. त्यांनी कागद घेतला, वाचला आणि 'अनवधानाने' वर बोट ठेवलं.

"हा शब्द खोटा आहे."

मी दुसऱ्या कागदावर नव्यानं लिहिलं. जाणूनबुजून काढल्या, मॅडमना न विचारता काढल्या, नंतर गुपचूप परत घातल्या, आणि चौकशीत त्यांच्यावर येऊ दिलं. पत्रांचा उल्लेख करायचा नाही असं त्यांनी सांगितलं, तो केला नाही. सही केली. त्यांनी आणखी एकदा वाचून कागद घडी करून मला दिला. पहिला कागद फाडून टोपलीत टाकला.

"अंबडची बस येईल आता. त्या वळणावर थांबते," त्या म्हणाल्या. परत ये, असं म्हणाल्या नाहीत. मीही येतो म्हणालो नाही, जातो म्हणालो.

पत्र मी जालन्याच्या टपाल कार्यालयातून रजिस्टर पोस्टानं कॉलेजला पाठवलं, आणि एक प्रत वडीगोद्रीला. प्राचार्य तोवर निवृत्त झाले होते. तीन आठवड्यांनी कॉलेजकडून एक ओळीचं उत्तर आलं की आपले पत्र मिळाले, ते संबंधित नस्तीत ठेवण्यात आले आहे. खाली कुणा कारकुनाची सही होती. मॅडमकडून काही आलं नाही.